दूध बंद, डाळ नको, मासा कधीमधी: दोन वर्षांच्या मुलीला प्रोटीन द्यायचं कसं?

देवगड तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी सव्वादोन वर्षांची, वजन साडेदहा किलो. गायीचं दूध पोटात गेल्यावर अर्ध्या तासात अंगावर गांधी उठल्या आणि उलट्या झाल्या, म्हणून डॉक्टरांनी दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ बंद केले. मुलगी मऊ भात, घावणे, केळं आणि बिस्किटं एवढंच आवडीने खाते. डाळ थुंकते, अंड्यातला पिवळा बलक बाजूला सारते, मासा मनात आला तर खाते. सोमवार, गुरुवार, शनिवार घरात मासे-अंडी शिजत नाहीत. आजी म्हणतात नारळाचं दूध द्या, शेजारी सांगतात बकरीचं द्या. आईला काळजी प्रोटीनची.

आधी हिशेब मांडू, म्हणजे निम्मी धास्ती तिथेच उतरेल. साडेदहा किलोच्या मुलीला दिवसाला साधारण ११ ग्रॅम प्रोटीन पुरतं. ते बहुतेक भात-डाळीतून येणार असेल तर अंगी थोडं कमी लागतं, म्हणून १३ ग्रॅम धरून चाला. ती दिवसभरात ५० ग्रॅम तांदळाचा मऊ भात आणि ३० ग्रॅम पिठाचे घावणे खात असेल, तर ६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन त्या तांदळातूनच मिळतं. उरले ७. एक गावठी अंडं आणि शीग लावून मोठा चमचाभर मूगडाळ यांत ते भरतात, किंवा तेवढ्याच कुळथाच्या पिठाची पिठी आणि दोन बोटांएवढा मासा यांत. आणि हा हिशेब एका दिवसाचा धरू नका, आठवड्याचा धरा. या वयाचं मूल एक दिवस पोटभर खातं आणि दुसऱ्या दिवशी चिमणीएवढं.

मग दूध बंद झाल्याने खरोखर काय गेलं? समजा ती रोज ३०० मिली दूध पीत होती. त्यातून १० ग्रॅम प्रोटीन येत होतं, ते भरून काढणं सोपं आहे. पण त्याच दुधातून साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २०० कॅलरी येत होत्या, आणि या दोन गोष्टी आपोआप भरून येत नाहीत. दूध बंद केलेल्या मुलांचं वजन अडतं ते बहुतेक वेळा प्रोटीनमुळे नाही, एकूण अन्न आणि स्निग्ध पदार्थ कमी पडल्यामुळे. म्हणून खाली जिथे जिथे खोबरेल, शेंगदाण्याचं तेल किंवा ओलं खोबरं सांगितलं आहे, तिथे ते चवीसाठी नाही. ते वगळू नका.

पुढचं माप: मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा, छोटा म्हणजे चहाचा ५ मिलीचा, वाटी १५० मिलीची.

पहिलं काम बिस्किटांचं. पुड्याच्या मागची यादी वाचा. साध्या ग्लुकोज बिस्किटांतही बऱ्याचदा ‘मिल्क सॉलिड्स’ असतात. म्हणजे पेल्यातलं दूध बंद झालं, पण पुड्यातून ते चालूच आहे. ‘व्हे’, ‘केसीन’, ‘केसीनेट’, ‘दूध पावडर’, ‘लोणी’ यांपैकी एक शब्द दिसला तरी तो पुडा तिच्यासाठी नाही. भारतात पाकीटबंद पदार्थावर दुधाची ॲलर्जी-सूचना वेगळी छापणं बंधनकारक आहे, ती बहुतेक घटकांच्या यादीखालीच असते. बेकरीच्या सुट्या मालावर मात्र काहीच लिहिलेलं नसतं. खारी, नानकटाई, पाव यांत काय घातलंय ते बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय देऊ नका. दुधाच्या चहात बुडवलेलं बिस्कीट हे तर दुहेरी दूध झालं. कोरा चहाही नको, जेवणातलं लोह त्याने नीट अंगी लागत नाही. मुलांच्या वाढीसाठी म्हणून मिळणाऱ्या डब्यातल्या पावडरी बहुतेक दुधाच्याच असतात आणि साखरेने भरलेल्या असतात. अंगणवाडीत सेविकेला लेखी चिठ्ठी द्या: दूध, दही, ताक, खीर, पेढा काहीच नको. तोंडी सांगितलेलं सणासुदीच्या गर्दीत विसरलं जातं.

शेजाऱ्यांचा सल्ला मनापासूनचा असेल, पण बकरीचं दूध देऊ नका. गाय, म्हैस, बकरी, मेंढी यांच्या दुधातली प्रोटीनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना बकरीचंही बाधतं. देशी गायीचं किंवा ‘ए-टू’ म्हणून विकलं जाणारं दूध वेगळं नाही. लॅक्टोज काढलेलं दूधही उपयोगाचं नाही, कारण त्यातली फक्त साखर काढलेली असते, प्रोटीन तसंच राहतं. जुलाबानंतर काही आठवडे दूध न पचणं हा निराळा प्रकार आहे. त्यात पोट फुगतं, पातळ शी होते, पण अंगावर गांधी उठत नाहीत. इथे गांधी आणि उलट्या दोन्ही झाल्या आहेत, तेव्हा ही ॲलर्जी समजूनच वागायचं. साजूक तुपातही दुधाचा थोडा अंश राहतो. डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय भातावर तूप नको.

आजींचं नारळाचं दूध चांगलं आहे, पण ते दुधाची जागा घेत नाही. घरी काढलेल्या दाट रसात १०० मिलीला जेमतेम २ ग्रॅम प्रोटीन आणि नावापुरतं कॅल्शियम असतं. गायीच्या दुधात तेवढ्यालाच ३ ग्रॅमच्या वर प्रोटीन आणि १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. नारळाच्या रसात भरपूर असतो तो स्नेह. म्हणून तो पेल्यातून पाजू नका. पेल्याने पोट भरतं आणि जेवण मागे पडतं. तो शिजवताना वापरा, पिठीत, नाचणीच्या पेजेत, माशाच्या रश्शात. दिवसाला ३ ते ४ मोठे चमचे दाट रस म्हणजे दुधातून जाणाऱ्या कॅलरींचा मोठा भाग परत आला. अजून अंगावर पीत असेल तर ते सुरू ठेवा. आईच्या दुधामुळे मुलीला काही त्रास दिसत असेल, तरच आईने स्वतःचं दूध-दही सोडण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून करायचा.

आता डाळ. मूल डाळ थुंकतं तेव्हा त्याला डाळीची चव नकोशी असते असं नाही. वरणभातात घट्ट शितं आणि पातळ आमटी एकाच घासात येतात आणि मधेच मोहरीचा दाणा, कढीपत्त्याचं पान किंवा टोमॅटोची साल जिभेला लागते. दोन वर्षांच्या मुलाला हा मिश्र पोत सहन होत नाही. दुसरी चूक म्हणजे डाळीचं वरचं पाणी देणं. त्यात मीठ-हळदीची चव असते, प्रोटीन मात्र तळाच्या गाळात. ‘डाळीचं पाणी पिते’ म्हणून निर्धास्त राहिलेल्या घरातली मुलं प्रत्यक्षात डाळ खातच नसतात.

उपाय असा की डाळ वेगळी द्यायचीच नाही. ती जो मऊ भात खाते त्यातच शिजवायची. २ मोठे चमचे तांदूळ आणि १ मोठा चमचा बिनसालाची मूगडाळ घ्या. डाळ आधी मंद आचेवर वास सुटेपर्यंत कोरडी भाजा, त्याने तिचा हिरवट उग्रपणा जातो. दोन्ही धुऊन पावणेदोन वाट्या पाणी घालून कुकरला ५ शिट्ट्या आणि मग ५ मिनिटं मंद आच. वाफ जिरल्यावर गरम असतानाच पळीने घोटा आणि १ छोटा चमचा खोबरेल घाला. थंड झाल्यावर घोटलं तर गुठळ्या राहतात आणि तीच पहिली गुठळी बाहेर येते. एवढ्या भातात ५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. निम्मा खाल्ला तरी अडीच. ती चव लगेच ओळखत असेल, तर सहा भाग तांदळाला एक भाग डाळ इथून सुरुवात करा आणि दर तीन-चार दिवसांनी थोडी वाढवत दोनास एक या प्रमाणावर या. मसूरडाळही चालते, पण तिने भाताचा रंग बदलतो. रंगाला बिचकणाऱ्या मुलीला मुगाचा फिका रंग बरा.

घावण्याचं तर सोनं करता येईल, कारण ती ते स्वतःच्या हाताने तोडून खाते. १ वाटी तांदूळ आणि पाव वाटी मूगडाळ किंवा उडीदडाळ ५-६ तास भिजवा. २ मोठे चमचे ओलं खोबरं घालून अगदी बारीक वाटा आणि नेहमीसारखं ताकाएवढं पातळ करा. छोटे ८-९ घावणे होतात. नुसत्या तांदळाच्या छोट्या घावण्यात १ ग्रॅमच्या थोडं वर प्रोटीन असतं, यात २ ग्रॅम. निम्म्या पिठात एक अंडं नीट फेटून घातलं की त्या घावण्यात ३ ग्रॅम. दोन घावणे म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम झालं, आणि बलकही नकळत पोटात गेला.

यात बिघडतं ते दोन ठिकाणी. डाळ पाव वाटीच्या वर गेली की घावणा बिडाच्या तव्याला धरतो आणि जाळी पडत नाही. कारण डाळीचं वाटण चिकट असतं. पीठ २० मिनिटं ठेवून थोडं पाणी वाढवा, तवा चांगला तापू द्या आणि प्रत्येक घावण्याआधी नारळाच्या शेंडीने तेल फिरवा. अंडं घातलेलं पीठ ठेवलं की दाट होतं आणि वासही येतो, म्हणून अंडं शेवटी, लागेल तेवढ्याच पिठात. सुरुवातीला फेटलेलं निम्मंच अंडं घाला. पूर्ण अंड्याने घावणा जरा पिवळा आणि स्पंजासारखा होतो, आणि ‘हा माझा घावणा नाही’ हे तिला कळतं.

उकडलेल्या अंड्यातला पांढरा भाग ती खाते, हे फार चांगलं लक्षण आहे. अंड्यातलं निम्म्याहून जास्त प्रोटीन पांढऱ्यातच असतं, आणि अंड्याची ॲलर्जीही बहुतेक पांढऱ्याचीच असते, तेव्हा तो प्रश्न तिच्या बाबतीत मिटल्यासारखा आहे. बलक नको वाटतो तो कोरडा आणि गंधकासारख्या वासाचा झाल्यामुळे. अंडं १५-२० मिनिटं उकळलं की बलकाभोवती करडी-हिरवट कड येते, तो वास तिचाच. पाणी उकळल्यापासून ९-१० मिनिटं पुरेत. मग लगेच गार पाण्यात टाका. बलक १ छोटा चमचा नारळाच्या रसात चेचून मऊ भातात मिसळला तर कोरडेपणा जातो. अर्धवट शिजलेलं अंडं या वयात नको.

कुळीथ म्हणजे आपल्या किनाऱ्याची ठेव. १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, शिवाय लोह, आणि कॅल्शियम इतर कडधान्यांच्या बरंच पुढे. पिठी लहान मुलासाठी करताना मोठ्यांची सैल पिठी देऊ नका, खिरीएवढी दाट करा. दीड मोठा चमचा भाजलेल्या कुळथाचं पीठ आधी पाव वाटी थंड पाण्यात कालवा. गरम पाण्यात घातलं की गुठळ्या ठरलेल्या. पाऊण वाटी पाणी उकळून त्यात हे घाला, ठेचलेली लसणाची एक लहान पाकळी टाका आणि ढवळत ८-१० मिनिटं शिजवा. कच्चट राहिली तर वास येतो आणि पोट फुगतं. २ मोठे चमचे नारळाचा रस आणि एक आमसूल शेवटी, आच बंद करताना. आमसूल आधी घातलं तर पिठी आंबट होते आणि मुलगी पहिल्याच घासाला तोंड फिरवते. मिरची-कोथिंबीर मोठ्यांसाठी नंतर वेगळी. ‘कुळीथ गरम पडतो’ म्हणून घरात नाराजी असेल तर उन्हाळ्यात आठवड्याला दोनदा, पावसाळ्यात तीन-चारदा द्या, वादाला जागा उरत नाही.

काळ्या वाटाण्याचं सांबारं, चवळी, वालाचं बिरडं हेही चालेल, पण दाणा अख्खा नको. वाटाणे रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, बोटांत सहज चेपेपर्यंत शिजवा आणि मिरचीचं वाटण घालण्याआधी तिचे २ चमचे बाजूला काढून कुस्करा. साल जाड वाटली तर पुरणयंत्रातून काढा. फणसाच्या आठळ्या उकडून, वरची पातळ साल काढून, चेचून वाटणात घालता येतात. त्यांत प्रोटीन डाळीएवढं नाही, पण मुलांना त्यांची गोडसर चव आवडते. अख्खी आठळी, अख्खा शेंगदाणा, काजूगर, फुटाणा चार-पाच वर्षांपर्यंत हातात द्यायचा नाही. श्वासनलिकेत अडकतो. शेंगदाणे भाजून, अगदी मऊ होईपर्यंत वाटून, १ छोटा चमचा भातात किंवा नाचणीत मिसळा. चिकट गोळा तसाच तोंडात देऊ नका. शेंगदाणा, काजू, तीळ, कोळंबी यांतलं जे आजवर कधीच दिलेलं नाही, ते एका वेळी एकच, सकाळच्या वेळी, हरभऱ्याच्या दाण्याएवढं देऊन पाहा. एका गोष्टीची ॲलर्जी असलेल्या मुलाला दुसरीची असू शकते, आणि त्रास झालाच तर दवाखाना उघडा असताना झालेला बरा.

मासा खाते ‘मनात आला तर’, आणि ते साहजिक आहे. एकदा काटा टोचला की पुढचे पंधरा दिवस मूल तोंड उघडत नाही. म्हणून निवड महत्त्वाची. मुडदुशे, सरंगा, हलवा, लहान सुरमईची तुकडी यांचं मांस मऊ आणि काटे ओळखता येण्यासारखे. बांगडा चवीला आणि पोषणाला उत्तम, पण पाठ आणि पोट यांच्या मधल्या रेषेत बारीक काट्यांची ओळ असते. शिजल्यावर ती पट्टीच काढून टाका आणि वरचं जाड मांस द्या. बोंबील मऊ म्हणून सगळ्यांना आवडतो, पण त्यात पाणी फार, तेवढ्याच वजनाच्या बांगड्याच्या तुलनेत प्रोटीन निम्मं. मोरी आणि फार मोठी सुरमई या वयात टाळा. मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो. माकूल या वयात चावता येत नाही, तिसऱ्यांचं मांस चिवट असतं. द्यायच्याच असतील तर बारीक चिरून, त्याही स्वच्छ खाडीतल्या आणि उकळून तोंड उघडलेल्याच.

मासा तिच्यासाठी तळू नका. पातळ कुरकुरीत तुकडीत काटा सापडत नाही. हळद-मीठ लावून झाकण ठेवून ६-७ मिनिटं वाफवा, ताटात पसरा आणि उजेडात धुतलेल्या बोटांनी दोनदा चाचपा. चमच्याने चाचपलेला काटा सुटतो, बोटाला तो लागतो. मग तो कुस्करा उकडलेल्या बटाट्यात मिसळून छोट्या वड्या तव्यावर परता, किंवा नारळाच्या रसात भाताबरोबर कालवा. २५ ते ३० ग्रॅम मांस, म्हणजे तिच्या तळहाताएवढं, त्यात ५ ग्रॅमच्या वर प्रोटीन. काटा अडकलाच तर भाताचा गोळा किंवा केळं गिळायला लावू नका. त्याने काटा आणखी रुततो. लाळ गळत असेल, गिळताना रडत असेल, तर थेट डॉक्टर.

तारली आणि पेडवे यांचा वेगळा उपयोग आहे. डोकं-पोट काढून, आमसूल घालून, थोड्या पाण्यात कुकरमध्ये मंद आचेवर अर्धा तास ठेवले की काटेसुद्धा मऊ होतात. मधला काटा बोटांत दाबून पाहा. पिठासारखा चुरला तर सगळं चेचून द्या. कडक राहिला तर आणखी शिजवा, पण तसा देऊ नका. हा काट्यासकटचा मासा कॅल्शियमसाठी आपल्या हाताशी असलेला सगळ्यात भरवशाचा पदार्थ आहे.

बांगडा, तारली, सुरमई, कुपा हे मासे उन्हात किंवा बर्फाविना राहिले की त्यांत हिस्टामीन तयार होतं, आणि ते शिजवल्याने नाहीसं होत नाही. असा मासा खाल्ल्यावर तासाभरात तोंडाभोवती लाली येते, अंग लाल होतं, उलटी होते. हे दिसायला अगदी ॲलर्जीसारखं. पुष्कळदा घरातल्या दोघा-तिघांना एकदम होतं, आणि हीच ओळखीची खूण. अशा एका प्रसंगावरून ‘हिला मासाही चालत नाही’ असा शिक्का मारून तिचे मासे बंद करू नका. डॉक्टरांना मासा कोणता, कधी घेतला, आणखी कोणाला झालं ते सांगा. लिलावातून थेट घरी आणलेला, लाल कल्ल्यांचा, दाबल्यावर खड्डा न राहणारा मासा तिच्यासाठी. दुपारपर्यंत टोपलीत राहिलेला नको.

१ जूनपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, पुढे श्रावण, आणि वर्षभराचे वार. वार पाळायचे असतील तर पाळा, आठवड्यातले तीन दिवस सहज भागतात. सकाळी डाळ घातलेले घावणे, दुपारी मूगडाळीचा मऊ भात, संध्याकाळी नाचणी, रात्री पिठी-भात. बंदीच्या काळात सुका जवळा किंवा सोडे वापरता येतात, पण पावडर करून आणि फोडणीपुरतेच. कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवा, पाणी ओता, पुन्हा एकदा तसंच करा. पहिल्या पाण्यात मीठ जातं, दुसऱ्यात वाळू. मग कोरडे भाजून कुटा, अर्धा छोटा चमचा भातावर. या वयात दिवसभरात सगळं मिळून २ ग्रॅमच्या आसपास मीठ पुरे, आणि खारवलेला मासा ती मर्यादा दोन घासांत ओलांडतो. कोळंबी पूर्वी न बाधता खाल्ली असेल, तरच जवळा-सोडे.

कॅल्शियमचा हिशेब मात्र घट्ट आहे. रोजचं लक्ष्य ५०० मिलिग्रॅम. ३० ग्रॅम नाचणीच्या पिठात १०० मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. पण नाचणीचं पीठ आणि नाचणीचं सत्त्व एक नाही. भिजवून, वाटून, गाळून, निवळून काढलेल्या सत्त्वात मुख्यतः पिष्ट उरतं. चोथ्याबरोबर प्रोटीन आणि खनिजं बरीच निघून जातात. ‘सत्त्व’ या नावाला भुलू नका. मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून दळलेलं पीठ वापरा. २ मोठे चमचे पीठ, १ वाटी पाणी, ७-८ मिनिटं ढवळून शिजवायचं, वर ३ चमचे दाट नारळाचा रस आणि चवीपुरता गूळ. शेवग्याचा पाला, जो गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर घरोघरी होतो, तो वर्षभर घावण्याच्या पिठात बारीक चिरून जाऊ शकतो. हिरवं बघून ती हात मागे घेईल, म्हणून सुरुवात चिमूटभर वाळवलेल्या पाल्याच्या पुडीने. सालासकटच्या तिळात कॅल्शियम आकड्याने भरपूर, पण बरंचसं ऑक्झलेट नावाच्या घटकाला बांधलेलं असतं, अंगी कमी लागतं. तीळ द्या, त्यांच्यावर विसंबू नका.

हे सगळं जमून आलं तरी रोज ५०० गाठणं खाण्यात नखरे करणाऱ्या मुलीला अवघड आहे. म्हणून डॉक्टरांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या पूरक औषधाबद्दल स्वतःहून विचारा. लोहाचं सिरपही चालू असेल तर ते आणि कॅल्शियम एका वेळी देऊ नका, कॅल्शियममुळे लोह कमी शोषलं जातं. रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडीसारख्या ठिकाणी कॅल्शियम घातलेलं, बिनसाखरेचं सोयादूध मिळालं तर ते चांगलं. प्रोटीन गायीच्या दुधाच्या जवळ जातं. पाकिटावर कॅल्शियम वाचा आणि प्रत्येक वेळी हलवून घ्या, ते तळाशी बसतं. घरी केलेल्या सोयादुधात वेगळं कॅल्शियम नसतं. दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही बाधतं, म्हणून तेही आधी चमचाभर. बदामदूध, तांदळाचं दूध प्रोटीनच्या दृष्टीने जवळपास पाणी.

भरवण्याबद्दल थोडंच, पण ते चुकलं तर वरचं सगळं वाया. तीन जेवणं, दोन मधली खाणी, दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, आणि त्या अंतरात फक्त पाणी. बिस्कीट-केळं हातात फिरत राहिलं तर जेवणाला भूकच उरत नाही. प्रोटीनचा पदार्थ सकाळी, भूक सगळ्यात जास्त असते तेव्हा. जे घरचे खातात ते तिच्या ताटात घावण्याच्या शेजारी शेंगदाण्याएवढं असू दे. ‘खा’ म्हणायचं नाही, खाल्लं तर टाळ्याही नाहीत. अनोळखी पदार्थ दहा-पंधरा वेळा ताटात दिसल्यावर कुठे मूल तो तोंडात घालतं, आणि बहुतेक घरं तीन-चार वेळांतच सोडून देतात. घावण्यात लपवलेली डाळ पोषणाला पुरते, पण शेजारी उघडी ठेवलेली उसळच तिला पुढे उसळ खायला शिकवते. दोन्ही चालू ठेवा. वीस मिनिटांत ताट उचला. वाटी घेऊन अंगणभर मागे धावणं आजींना सोडवणार नाही, पण धावून भरवलेल्या मुलाला भूक आणि जेवण यांचा संबंध कळत नाही, हे त्यांना प्रेमाने सांगा.

वजन दर महिन्याला अंगणवाडीतल्या त्याच काट्यावर करा आणि तक्त्यावर लावून घ्या. तीन महिने रेघ आडवी राहिली, शीमध्ये रक्त दिसलं, चेहरा फिका पडला, किंवा खाण्याचे पदार्थ वाढण्याऐवजी कमी होत गेले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ओठ-जीभ सुजली, श्वास घरघरला, मूल एकदम मलूल झालं तर वाट न पाहता १०८ ला फोन.

आणि दूध ‘बघू या, आता चालतंय का’ म्हणून घरी पाजून पाहू नका. बरीच मुलं तीन ते पाच वर्षांपर्यंत या ॲलर्जीतून बाहेर येतात, पण ती चाचणी दवाखान्यात, ठरलेल्या मापाने होते. बहुतेक वेळा ती भाजलेल्या पदार्थातल्या थोड्या दुधापासून सुरू करतात. दर सहा ते बारा महिन्यांनी त्याबद्दल विचारा. त्या भेटीला जाताना आधीच्या तीन दिवसांची वही न्या. त्यातला एक दिवस वाराचा असू दे. किती वाजता, काय, किती चमचे खाल्लं आणि किती ताटात राहिलं, एवढंच लिहायचं. ‘काहीच खात नाही’ या वाक्यातून डॉक्टरांना जे कळत नाही, ते त्या तीन पानांतून पाच मिनिटांत कळतं.